कॅरम क्लबची हास्यसंध्या

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या कॅरम क्लबचा खेळ भलताच सुधारला. एरवी पाळीवरून दमून येणारी माणसं आता सकाळी दहापासून बोर्डाभोवती बसायची. एवढा सराव मिळाल्यावर कोणाचाही स्ट्रायकर सरळ जाईल. माझे बाबा त्यांतलेच. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, त्यांनी वीस वर्षं काढली होती.

क्लबचे अध्यक्ष विमा कचेरीत होते. चाळीत पगार घेऊन येणारे ते जवळजवळ एकटेच, त्यामुळे निवड बिनविरोध झाली. डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं, की वार्षिक स्नेहभोजन होणार आणि त्यानंतर गिरगावचे एक नामवंत विनोदवीर येऊन आपल्याला हसवणार.

"लोकांचं मनोधैर्य टिकवलं पाहिजे," ते म्हणाले.

मनोधैर्याला पुऱ्या लागणार होत्या. त्या लाटायला आई आणि चाळीतल्या बायका दुपारपासून बसल्या. संध्याकाळी सहाला पंगत बसली. पुरी, बटाट्याची भाजी आणि प्रत्येकी एक जिलेबी. दुसरी मागू नये हे अध्यक्षांनी माइकवरून इतक्या गोड आवाजात सांगितलं, की दुसरीची गरजच उरू नये.

मग सफारीतले विनोदवीर स्टेजवर आले. त्यांनी आधी सिनेमातला खलनायक केला, मग तापट सासूबाई केल्या. लोक बेताबेतानं हसले. मी नववीत होते, मला तर आवडलंही.

"आता खास तुमच्यासाठी," ते म्हणाले, "गिरणी कामगार!"

त्यांनी खिशातून टोपी काढून तिरकी घातली, दोन झोकांड्या खाल्ल्या आणि जड जिभेनं ओरडले, "शेठ, काम नको, पगार द्या!"

कोणी हसलं नाही. लोकांना ऐकू गेलं नसावं अशा समजुतीनं त्यांनी तेच पुन्हा, मोठ्यानं केलं.

बाबा उठले. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस.

"ओ साहेब," ते म्हणाले, "साच्यांजवळ असा बोललात तर आयकतलो कोण?"

आणि ते सरळ स्टेजवर चढले. शेकडो साच्यांच्या खडखडाटात माणसं तोंडानं बोलतच नाहीत, हातांनी बोलतात. बाबा एकटेच दोन विणकर झाले. एकानं तळहातावर अंगठा चोळून तंबाखू मागितली. दुसऱ्यानं तिकडं लक्षच न देता बायको गावाला गेल्याची कहाणी लावली: डोक्यावर पदर, लांबवर बोट, आणि रिकाम्या डब्याकडं बघून कपाळावर हात. पहिला अंगठा चोळतोच आहे. तेवढ्यात बाबांनी मिशी पिळली, म्हणजे खात्याचा मुकादम, जॉबर आला, आणि दोघंही माना खाली घालून कामाला लागले.

"तमाखू दी रे तेका!" मागून कोणीतरी ओरडलं आणि अख्खं पटांगण हसायला लागलं. आई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "वीस वर्षांत घरात एवढं बोलले नाहीत हो!"

आभार मानताना अध्यक्षांनी हा भाग आपणच योजला होता असं सुचवलं. विनोदवीरांनी मात्र जिन्यात बाबांना गाठलं. "परत एकदा दाखवता?" बाबांनी सगळं दाखवलं, अगदी बोटं कशी धरायची तेसुद्धा.

बाबांची गिरणी काही उघडली नाही. ते दादरला एका इमारतीत वॉचमन झाले. तिथं बोलायचं ते एवढंच, "कोणाकडे जायचंय?"

पुढं काही वर्षांनी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मी दादरच्या एका कार्यक्रमाला गेले, तर स्टेजवर तेच विनोदवीर, आणि तीच नक्कल. गिरण्यांत हिंडून अनेक वर्षं केलेल्या निरीक्षणाचं हे फळ आहे, असं ते म्हणाले. आमच्या जिन्यातलं निरीक्षण पंधरा मिनिटं चाललं होतं.

मी धुमसत घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मिशी पिळल्यार लोक हसले?"

"खूप."

"मगे बरा केल्यान," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

आईनं चहा ठेवला, पण त्या विनोदवीराला ती पुढं आठवडाभर शिव्या घालत होती. त्यातल्या निम्म्या मालवणीत होत्या, म्हणून इथं देत नाही.