हवालदारांची ‘सब ठीक’ वही

उमरग्यात हायवेला लागून माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. शाळा सातवीतच सुटली, पण गिऱ्हाईक बरोबर ओळखतो! वह्या विकल्या जातात, किस्से मात्र माझ्याकडंच साठतात. त्यातले निम्मे एकट्या हवालदारांचे. फौजेतून रिटायर, बायको वारलेली, घरात दुसरं माणूस नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, “दोनशे पानी वही द्या.”

“नातवाला का?”

“मला. झोप लागत न्हाय. डॉक्टर म्हणतो, मनातलं रोज लिवा.”

वर दोन पेनं घेतली.

“दोन कशाला?”

“एक राखीव!”

*

महिन्याभरात वही भरली! मी कौतुकानं उघडली. पानोपान तारीख, वेळ आणि पुढं एकच: ‘सब ठीक.’

“हवालदार, हे तर पहाऱ्याचं रजिस्टर झालं!”

“मग? बावीस वर्षं दुसरं काय लिवलंय म्या?”

“आणि खरंच सगळं ठीक आहे?”

“रजिस्टरात तसंच लिवायचं असतंय, शेठ.”

*

दिवाळीला शेजारच्यानं तेरखेड्याचा फटाक्यांचा माल आणला. ‘आवाज तर बघू’ म्हणून भर दुपारी रस्त्यात एक बॉम्ब लावला. हवालदार माझ्या काउंटरखाली आडवे! मला हसू फुटलं. ते कपडे झटकत उठले.

“पेन पडलं होतं.”

दोन्ही पेनं खिशाला होती. माझं हसू तिथंच थांबलं.

चहा मागवला. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, “एक नोंद ऱ्हायलीय.”

सास्तूरचा दत्तू त्यांचा फौजेतला दोस्त. एका सकाळी पहारा हवालदारांचा होता. बायकोला पत्र लिहायचं म्हणून त्यांनी दत्तूशी ड्युटी बदलली. दत्तू पहाऱ्यावर गेला, तो जिवंत परत आलाच नाही.

“त्याच्या आईला आजवर सांगितलं न्हाय.”

“मग तेच लिहा की!”

*

तिसऱ्या वहीत कुठं ते दीड पान उतरलं. “त्याच्या आईकडं एकट्यानं जायला जमायचं न्हाय,” म्हणाले. मी शटर ओढलं, मोटारसायकल काढली.

सास्तूरला म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती.

“मावशी, दत्तूचं लिवून आणलंय.”

“मला कुठं वाचता येतंय, लेकरा? तूच वाच.”

हवालदार ताठ उभं राहून, साहेबाला रिपोर्ट दिल्यासारखं वाचत गेले. तारीख. वेळ. ‘पहारा माझा होता. माझ्या जागी दत्तू गेला.’ शेवटी ‘सब ठीक’ नव्हतं.

म्हातारीचे हात थांबले. मी हळूच चपला शोधू लागलो.

मग ती म्हणाली, “त्याचं नाव येतंय न्हवं, तिथनं परत वाच.”