काचेवरचं मिठागर

ठाण्याहून निघायला नऊ वाजले. गाडी धुतल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही, असा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, नेम आहे. मी मिरजेहून चार दिवसांसाठी त्याच्याकडे गेले होते आणि त्या दिवशी डोंबिवलीपलीकडच्या मोहने गावी त्याच्या मित्राकडे आम्हाला जेवायचं आमंत्रण होतं. दादाने सकाळच्या उन्हात बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या गाडीवर ओतल्या आणि ती वाळेपर्यंत तो चहा प्यायला वर आला. "नळाचं पाणी प्यायला असतं. ते गाडीवर ओतायचं पाप कोण करेल?" हे त्याचं जुनं तत्त्व.

खाली आल्यावर त्याने किल्ली माझ्याच हातात ठेवली. चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू न देणारा हा माणूस! मी गाडी सुरू केली. पहिल्या सिग्नललाच तो आपणहून बोलला.

"ऊन समोर आलं की मला पांढरे ठिपके दिसतात, सुमे. मोतीबिंदू काढला, डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत, गाडी चालवा. पण डोळे गेलेत माझे. येत्या रविवारी किल्ली अभयला देऊन टाकतो."

अभय त्याचा मुलगा. त्याला अजून यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वहिनी गेल्यापासून दादाला घराबाहेर काढते ती ही गाडीच. ती सुटली तर हा सोफ्यावर बसूनच राहील, हे मला लख्ख कळत होतं. फार वाईट वाटलं.

माणकोलीहून डोंबिवलीला जायला आता खाडीवर नवा पूल आहे. खाली करडं पाणी, काठाला तिवरांची (खारफुटीची) हिरवी रांग आणि पलीकडे डोंबिवलीच्या दाटीवाटीने उभ्या इमारती. ते बघताना मी क्षणभर सगळं विसरले. तेवढ्यात ऊन थेट समोर आलं आणि पुढची काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली. मी वेग एकदम कमी केला.

"दादा, अरे, मलाही दिसतायत!"

"तुझंही वय झालंच की," तो शांतपणे म्हणाला.

पूल उतरल्यावर मोठागावात एका घरासमोर आंब्याची सावली बघून मी गाडी थांबवली. काचेवर बोट फिरवलं, तर ठिपके खरखरीत लागले. मी तसं म्हणताच दादा डिकीतून तारेची घासणी घेऊन आला. हा माणूस घासायला सुरुवात करणार, इतक्यात ओट्यावरून आवाज आला.

"ओ भाऊ! काच हाय ती, तवा नाय!"

त्या घरच्या सत्तरीच्या हिराबाई (नाव मागाहून कळलं), आगरी बाई, हिरवं लुगडं नेसलेल्या. खाली येऊन त्यांनी काच निरखली आणि विचारलं, "बोअरच्या पान्यान धुता ना? आन उन्हान सुकवता?"

दादाने होकारार्थी मान हलवली.

"आमी मिठागरावरची मानसा. पानी सुकला का मागं काय रहतं, त्ये मना ठाव हाय. निसता मीठ असता तर पान्यान गेला असता. यो चुना धरलाय. याला आंबट पायजे."

त्यांनी सुनेला हाक मारून चायनीजसाठी आणलेली व्हिनेगरची बाटली मागवली. पण लावायची घाई नाही. आधी काच सावलीत गार होऊ दिली. मग साध्या पाण्याने धूळ धुऊन काढली, नाहीतर तीच धूळ घासली जाऊन ओरखडे पडतात. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्यात जुन्या साडीचा मऊ तुकडा भिजवला, पिळला आणि रंगावर ओघळ येऊ न देता काचेवर पसरून ठेवला.

तेवढ्या वेळात ओट्यावर तांदळाची गरम भाकरी आणि जवळ्याचं (बारीक सुक्या कोलंबीचं) कालवण समोर आलं. "जेवायला मोहन्याला जायचंय," असं दादा म्हणाला आणि दीड भाकरी खाऊन उठला. मग कापडाने हलकं चोळलं, नळाच्या पाण्याने काच धुतली आणि लगेच कोरडी केली. चिवट डागांसाठी हे सगळं दोनदा करावं लागलं, तेव्हा काच लख्ख झाली. नळाचं पाणी ओतताना दादाचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता.

मोहन्याला पोचलो, जेवलो, गप्पा झाल्या. दादाने डोळ्यांचा विषय काढला नाही आणि किल्लीही मागितली नाही. मीही ती पर्समध्येच ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि हा बिचारा कित्येक आठवडे आपल्याच पायांना दोष देत बसला होता. वय झालं की आपण सगळंच वयाच्या माथी मारतो, मीही मारते.

परतताना संध्याकाळचं ऊन अगदी समोर येणार होतं. गाडीशी आल्यावर दादाने हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि शेजारी बसले. डोंबिवलीच्या गर्दीतून तो सावकाश बाहेर पडला आणि पुलावर चढला. सूर्य डोळ्यांसमोर होता.

"सुमे," तो म्हणाला, "काचेला डाव्या कोपऱ्यात खडी लागून बारीक टवका उडालाय. दिसतोय?"

मी वाकून पाहिलं. "नाही रे."

"मला दिसतोय," दादा म्हणाला. "तू चष्मा पुस."