बाबांची नोकरी मी बदलली

चोवीस वर्षं ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. तोंडानं पहिल्यांदा सांगितली ती मागच्या रविवारी. लिहितो आहे आज. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाही.

मी रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात आकडेवारी तपासतो. दुसऱ्याच्या तक्त्यात एक शून्य जास्त पडलं तरी मला चैन पडत नाही. आणि स्वतःच्या घरात? तेच सांगतो.

मुलगी ऋतुजा इंग्रजी साहित्य शिकते. सध्या तिला अभ्यासाला एक जुनी अमेरिकन कादंबरी आहे — गरीब घरचा एक तरुण नाव टाकतो, आईबाप टाकतो आणि स्वतःला नव्यानं घडवतो. रविवारी पोहे खाताना ती त्याच्याबद्दलच बोलत होती. माणूस तिला आवडला होता. मग बाबांकडे वळून म्हणाली, "आजोबा, आप भी तो वैसे ही हो. छोट्या गावातून येऊन सीधे स्टेशन मास्टर!"

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर देऊ का, असं विचारणारं ते पाहणं होतं.

बाबा स्टेशन मास्टर नव्हते. ते चावीवाले होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या का ते बघत, हातोडा घेऊन रोज सहा किलोमीटर जायचे आणि सहा परत यायचे. तीस वर्षं. मी एकदा गुणाकार केला होता — रजा वजा करून एक लाख किलोमीटरच्या वर. पृथ्वीला अडीच फेऱ्या. हा आकडा मी कुणाला दाखवला नाही.

लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, वडील कुठं असतात? मी म्हणालो, रेल्वेत, स्टेशन मास्टर. आधी ठरवलेलं नव्हतं. पण त्या रात्री दुरुस्त करता आलं असतं — दुसऱ्या दिवशीही. मी बाबांना दुरुस्त केलं. काय बोलायचं, काय नाही, हे त्यांना शिकवलं. ते एवढंच म्हणाले, "तुले जसं पाह्यजे तसं."

सासरे नाही म्हणाले असते का? कोण जाणे. मी विचारून पाहिलंच नाही.

आणि हेही सगळं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी बाबा निवृत्त झाले. रुळांवर काम करणाऱ्या त्यांच्या गँगनं डोंगरगडच्या अलीकडे, रुळाशेजारच्या झोपडीत निरोप समारंभ ठेवला. सूनबाईला घेऊन ये, असं बाबांनी मला दोनदा सांगितलं. मी बायकोला, सुनंदाला, कळवलंच नाही. मीही गेलो नाही — कामाचं कारण सांगितलं, आणि त्या दिवशी काम नव्हतं. संध्याकाळी बाबा लोकलनं रायपूरला आले. गळ्यातला निरोपाचा हार त्यांनी फाटकाबाहेरच काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मगच आत आले. मी खिडकीतून पाहत होतो.

तेव्हापासून बाबा या घरात कमी बोलतात. ऋतुजाला वाटतं, आजोबांचा स्वभावच तसा.

रविवारी त्यांनी तसं पाहिलं आणि मी सांगून टाकलं. सगळं, हारासकट. सुनंदानं ताटली खाली ठेवली. तिच्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झालीत. त्यांच्या वतीनंही तीच रागावणार, आणि अजून रागावली आहे. बाबा मात्र माझ्यावर वैतागले. "काहून सांगतलं? मी निभावून नेत होतो ना."

ऋतुजानं खुर्ची आजोबांकडे सरकवली. मग तिनं विचारलं, "पण चावी ढीली आहे हे कळायचं कसं?"

बाबांनी चमचा उचलला. आधी स्टीलच्या पेल्यावर मारला, मग पेला बोटांनी घट्ट धरून मारला. "आयक. आता आयक." मग गोष्टी निघाल्या — साप, उन्हाळ्यात लांबणारे रूळ, धुक्यात मागून येणारी मालगाडी. पोहे गार झाले. तास-सव्वा तास ते बोलत होते, आणि ऋतुजा मध्ये मध्ये "हव, मग?" म्हणत होती.

येत्या रविवारी तिला तो रूळ बघायचा आहे. सुनंदाही येते म्हणाली — मला नाही, बाबांना. काल बाबांनी कॅनव्हासचे बूट मागितले. मी दुकानात उभा राहिलो आणि तिथून त्यांना फोन करून नंबर विचारला. सात. मला माहीत नव्हता.