सफरचंदाच्या बागेचा पंचनामा

ब्राउनश्वाइगला मी डॉक्टरेटसाठी गेलो तेव्हा माझा विषय होता धातूंचा थकवा. लोखंडाची पट्टी हजारो वेळा वाकवायची आणि ती कधी मोडते ते बघत बसायचं. जमीन, कायदा, गॅस यांच्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता. पण डॉक्टरेट करायला आलेल्या माणसाला तिथल्या खेड्यातले लोक ती मिळायच्या आधीच ‘हेर डोक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणू लागतात, आणि पुण्याच्या माणसाला कोणी असा मान दिला की न शिकलेले विषयही त्याला येऊ लागतात.

विद्यापीठापासून सायकलने अर्ध्या तासावर, एका खेड्यात, एका विधवा बाईंकडे मी राहत होतो. बाई साठीच्या, उंच, बोलायला कमी आणि बूट पुसण्याच्या बाबतीत निर्दय. घर जुनं, मागे सफरचंदांची बाग, बागेमागे थोडं शेत, आणि बागेच्या टोकाला एक सुटी खोली. ती माझी. युद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत बाईंच्या नवऱ्याने शहरात पडलेल्या घरांच्या विटा हातगाडीवरून आणून ती बांधली होती. विटा तीन रंगांच्या होत्या, आणि एका भिंतीत कुठल्याशा बेकरीच्या पाटीचा अर्धा तुकडाही बसवलेला होता. खोली पुरी झाल्यावर दोन वर्षांत तो गेला. बाई दर शनिवारी त्या खोलीची खिडकी पुसत. मी आत असलो तरी पुसत, आणि मी आत आहे याची दखलही घेत नसत.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. गॅस शोधणाऱ्या एका कंपनीचा माणूस गावात आला. टापटीप कोट, हातात चामडी पिशवी, आणि बोलणं सरळ. बाईंच्या स्वयंपाकघरात बसून त्याने सांगितलं, “बाई, जमिनीच्या पोटात जे असेल ते सरकारचं. ते शोधायचा परवाना आमच्याकडे आहे. तुमची फक्त वरची जमीन हवी. शेतात बोअरिंगचा मनोरा उभा राहील, बागेच्या कडेने ट्रक येतील. त्याचं भाडं देऊ आणि जे नुकसान होईल ते भरून देऊ.”

इतकं साधं बोलणं गावाला मुळीच पसंत पडलं नाही. आयुष्यात बटाट्याखेरीज काही न पिकवलेली माणसं गुत्त्यात बसून टेक्सासबद्दल अधिकारवाणीने बोलू लागली. एकाने नव्या मोटारीचा रंगही ठरवला. पोटातलं सरकारचं, हे वाक्य त्या मंडळींना ऐकूच येत नसे. वाक्य चांगलं चार वेळा सांगून झालं होतं, आणि तेही त्यांच्याच भाषेत.

बाईंना मोटार नको होती. त्यांनी कंपनीचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही वाचा. पैसे कमी आले तरी चालतील, घराचं छप्पर नीट करण्यापुरते असले की पुरे. पण त्या खोलीला हात लागता कामा नये. एवढंच बघा, हेर डोक्टर.”

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. खरं तर कागद दोन पानांचा होता आणि त्यात खोलीचा उल्लेखही नव्हता. एखाद्या शहाण्याने ‘करा सही’ म्हटलं असतं. मी मात्र “थोडा अभ्यास करावा लागेल” म्हणालो आणि माझ्या काकांना पत्र घातलं. काका मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. आमच्या घराण्यात त्यांना कायद्याचा अखेरचा शब्द मानत. म्हणजे ते तसं मानत आणि बाकीचे वाद घालत नसत.

बारा दिवसांनी एरोग्राम आलं, चारही समासांत भरलेलं. “चि. यास अनेक आशीर्वाद. कंपनी असो की सरकार, जमीन मागायला आले की पहिल्या कागदावर सही करायची नाही. आधी पंचनामा. झाडं मोज, विहीर असेल तर विहीर लिही. मोजणीचा माणूस नेहमी कमी मोजतो, म्हणून आपण आधी मोजावं. गोठा असेल तर घर लिहावं, घर असेल तर पक्कं घर लिहावं. एकदा कागदावर आलं की ते कायम झालं, मग त्याला कोणाचा बाप हलवू शकत नाही. तिथे थंडी फार असेल, कानाला गुंडाळत जा.”

पंचनाम्याला पंच हवेत. एक मी होतोच. दुसरा माझा मिरजेचा मित्र, विद्यापीठात रसायनशास्त्र करणारा. बाईंच्या हातच्या सफरचंदाच्या केकवर तो तयार झाला. “अरे, गेनाऊ, अगदी हेच आमच्याकडे धरणाच्या वेळी झालं,” तो मापाची फीत उलगडत म्हणाला. “मामांनी शेवग्याच्या शेंगासुद्धा मोजून लिहिल्या होत्या.”

रविवारभर आम्ही मोजत होतो. सफरचंदाची अकरा, नाशपातीची तीन, आलुबुखारची दोन झाडं. प्रत्येकाचा घेर, वय, अंदाजे फळ. गूसबेरीची झुडपं, पंप, कुंपण, कोंबड्यांचं खुराडं. हे सगळं टाइप केलं तेव्हा तेरा ओळी झाल्या. चौदावी ओळ मी माझ्या अकलेने घातली: ‘बागेच्या टोकाला राहण्याची खोली, एक. बांधकाम पक्कं. खिडकी एक.’ पुढे लांबी, रुंदी, उंची, आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर. तेही सेंटिमीटरपर्यंत, कारण फीत जर्मन होती आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

बाईंनी यादी वाचली. चौदाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “हे लिहायलाच हवं का?”

“लिहायलाच हवं,” मी म्हणालो. “नाही लिहिलं तर उद्या म्हणतील, इथे खोली नव्हतीच.”

त्या आणखी काही बोलणार होत्या, पण हेर डोक्टरपुढे कोण बोलणार? त्या क्षणी मी गप्प बसून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहायला हवं होतं, एवढंच मला आजही वाटतं. मी पाहिलं नाही. मी स्वाक्षरीखाली रेघ ओढत होतो.

कंपनीचा माणूस यादी पाहून हरखला. “असं नेटकं काम आमच्या माणसांनाही जमत नाही,” असं म्हणून त्याने झाडांची भरपाई वयाप्रमाणे कबूल केली आणि यादी करारालाच जोडली. बाईंनी सही केली. बातमी गुत्त्यात पोचली. पुढच्या रविवारी चार शेतकरी टोप्या हातात धरून माझ्या दारात उभे राहिले, आणि मी बाईंच्या स्वयंपाकघरात कचेरी थाटली. डुकरांचे गोठे, बदकांची खुराडी, न्हाणीघरं, सगळं मी पक्कं करून दिलं. काकांना पत्रही लिहिलं की तुमची विद्या सातासमुद्रापार चालते. ते पत्र जपून ठेवलं आहे, असं काका मरेपर्यंत सांगत.

तीन आठवड्यांनी बाउआम्टचा, म्हणजे बांधकाम कचेरीचा माणूस आला. मनोरा राहत्या जागेपासून किती दूर हवा याचा नियम होता. त्यासाठी कंपनीने आसपासची राहती घरं कचेरीला कळवली होती. यादीत खोली होती आणि कचेरीच्या नकाशात खोली नव्हती. जर्मनीत यापेक्षा मोठा गुन्हा नाही.

तो माणूस सभ्य होता. खोलीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “सुंदर बांधली आहे. गेनेमिगुंग कुठे आहे?”

“परवानगी?” बाई म्हणाल्या. “तेव्हा मागायची कोणाकडे? तुमच्या ऑफिसाला छप्पर नव्हतं.”

“आल्झो, बरं, आता आहे,” तो म्हणाला.

मी पुढे झालो. आमच्याकडे अशा वेळी दंड भरतात आणि बांधकाम कायम करून घेतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दंड वेगळा होईलच, म्हणाला. पण खोली शेजारच्या हद्दीला फार जवळ आहे, तेव्हा परवानगी आताही देता येणार नाही. मी म्हटलं, निदान एकदा मोजून तरी पाहा. त्याने पिशवीतून माझी यादी काढली. “जरुरी नाही. तुमची मापं अगदी अचूक आहेत.”

खोली महिन्याभरात पाडायची होती, मालकाने, स्वखर्चाने. त्याच संध्याकाळी ते चार शेतकरी आपापल्या याद्या परत मागायला आले. या वेळी टोप्या डोक्यावर होत्या. एकाने यादी माझ्यासमोर बाईंच्या चुलीत घातली आणि ती पूर्ण जळेपर्यंत उभा राहिला. गावात मला पुन्हा कोणी हेर डोक्टर म्हटलं नाही, डॉक्टरेट मिळाल्यावरसुद्धा.

बाईंनी गवंडी लावला नाही. त्या, मी आणि मिरजेचा मित्र, तिघांनी मिळून पाडली. तीन दिवस लागले. भुकेल्या माणसाने बांधलेली खोली इतकी घट्ट कशी, हे कोडं मला धातूंच्या अभ्यासातूनही सुटलं नाही. बाई प्रत्येक वीट चुना खरवडून रंगाप्रमाणे रचत होत्या. बेकरीच्या पाटीचा तुकडा त्यांनी ॲप्रनमध्ये गुंडाळून घरात नेला. या सगळ्यात त्या मला एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. चांगलं खडसावलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

मनोरा एक हिवाळाभर शेतात खडखडत होता. खारं पाणी लागलं, आणि कंपनी सामान बांधून निघून गेली. छप्पर मात्र नवं झालं. खोली पडल्यावर मी शहरातल्या विद्यार्थी वसतिगृहात राहायला गेलो होतो.

बाईंच्या घरात ठेवलेलं उरलंसुरलं सामान न्यायला शेवटचा गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, “त्या यादीची तुमच्याकडे प्रत असेल. ती मला द्याल?”

“अजून भांडता येईल असं वाटतं का?” मी विचारलं. मला आशा वाटली, किती मूर्ख असावं माणसाने.

“नाही. खोलीचा फोटो नाही. परवानगी नसलेल्या खोलीचा फोटो कोण काढून ठेवतं? तुमच्या कागदावर ती आहे.”

मी प्रत दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, सावकाश, अकरा सफरचंदांपासून खाली. मग विचारलं, “बांधणाऱ्याचं नाव का नाही लिहिलंत?”

“पंचनाम्यात तसा रकाना नसतो,” मी म्हणालो.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि चौदाव्या ओळीपुढे ते नाव स्वतःच लिहिलं.