सिलेक्टरमधलं खोबरेल

आमच्या ह्यांना दुसऱ्याच्या घरातून निघालेल्या वस्तूंचा भारी सोस. चौलपासून आमच्या गावापर्यंत मुंबईकरांचे जेवढे बंगले आहेत, तेवढ्यांचे माळी ह्यांना ओळखतात. कुठला बंगला विकला जातोय, कुठे साफसफाई काढलीय, हे ह्यांना घरात काय शिजलंय त्याच्या आधी कळतं. अशाच एका साफसफाईतून, लेकीचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात, आमच्या अंगणात टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि दोन उंच स्पीकर उतरले.

"चालू आहे," हे छाती काढून म्हणाले.

चालू होता म्हणजे लाल दिवा लागत होता. डेक मीच नवा पट्टा घालून फिरता केला, त्यात काही विशेष नव्हतं. खरं दुखणं अ‍ॅम्प्लिफायरचं. आवाज रेडिओवरून घ्यायचा की कॅसेटवरून, हे ठरवणारं एक बटण असतं, त्याला सिलेक्टर म्हणतात. ते बटण बोट लावलं की गरागरा फिरायचं आणि आत काही म्हणजे काही हलायचं नाही. अ‍ॅम्प्लिफायर रेडिओवर अडकून बसला होता आणि त्या रेडिओवर नुसती खरखर.

"असू दे, शोभेला ठेवू," हे म्हणाले. मला अशा बोलण्याचा राग येतो. म्हसळ्याच्या पलीकडच्या खेड्यातून येऊन आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेली मी वर्गातली एकटी मुलगी. हे शेजारच्या वायरमनच्या वर्गात. तिथेच जमलं आणि भातशेतीवाल्यांची मुलगी आगऱ्यांच्या घरात सून म्हणून आली. दुरुस्तीचा धंदा मी कधी केला नाही, पण घरातली मिक्सरपासून मोटरपर्यंत एकही वस्तू दुसऱ्याला उघडू दिली नाही. त्यात हा अ‍ॅम्प्लिफायर आता शोभेचा राहून चालणारच नव्हतं. कारण लग्न.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्या आधी धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी धवलारीण लागते. मांडव घालायचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा. देवांना, गावदेवीला, विहिरीला, खाडीलासुद्धा गाण्यातून आवतण जातं आणि मगच लग्न पुढे सरकतं. आमच्या सासूबाई आणि त्यांची मोठी जाऊ, म्हणजे आमची काकी, या दोघी पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारणी. काकी ओळ टाकायची, सासूबाई ती उचलून पुढची म्हणायच्या. जोडीनं कितीतरी मांडव त्यांनी गाजवले. मग काकी वारली आणि सासूबाईंनी तोंडच मिटलं. आमंत्रणं आली की "घसा बसलाय" म्हणायच्या. घसा ठणठणीत होता, आम्हाला हाका मारताना कधी बसला नाही.

लेक नवी मुंबईत नोकरी करते. तिनं फोनवर जाहीर केलं, "आजी, तुझा धवला नाय तर मी हळद नाय लावून घेणार. डीजे नंतर वाजू दे, पण पहिला धवला."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी जल्मभर उचलली गो. टाकनारी गेली. आता मी उचलू तरी काय?"

मी फोन कानाला लावला. लेकीलाच एक जुनी कॅसेट आठवली. मोहल्ल्यातले एक चाचा कुवेतला होते, त्यांनी एका सुट्टीत मोठं टेप आणलं होतं. त्या हौसेत त्यांनी दोघींच्या पुढ्यात एकेक माईक ठेवून आमच्या नणंदेच्या लग्नातले धवले भरून घेतले होते. कॅसेट सासूबाईंच्या पेटीत होती, साडीच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या वासात. वाजवायला घरात काही उरलं नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं ती तशीच.

"आधी तिचा आवाज आयकू दे मला," सासूबाई म्हणाल्या. "मंग बघू."

म्हणजे लेकीच्या हळदीला धवला होणार की नाही, ते त्या गरागरा फिरणाऱ्या बटणावर येऊन ठेपलं. मी पदर खोचला.

झाकण काढलं तर आत पालीची अंडी, मुंग्यांची वस्ती आणि खाऱ्या वाऱ्यानं चढलेला हिरवट गंज. ज्यांनी हे यंत्र घेतलं त्यांनी ते समुद्राकडच्या खिडकीत ठेवलं असणार, मुंबईच्या माणसाला समुद्र दिसला पाहिजे ना. पण दुखणं लगेच सापडलं. पुढचं बटण हे नुसतं नावाचं, खरा सिलेक्टर मागच्या बाजूला, जिथे वायरी येतात तिथे. दोघांच्या मध्ये एक लांब दांडी आणि दांडीला प्लॅस्टिकचा जोड. तो जोड उभा चिरून दोन तुकडे झाला होता. पुढचं फिरत होतं, मागच्याला पत्ताच नव्हता.

तसा जोड आता मिळणार कुठे? दीर होडीवर असतात. त्यांना म्हटलं, भावोजी, तुमच्या इंजिनाच्या डिझेलच्या नळीचा बोटभर तुकडा द्या.

"वहिनी, माझी व्होरी अर्ध्या दर्यान थांबली तर टेप वाजवून हाकायची काय?" म्हणाले, पण संध्याकाळी रेवदंड्याहून येताना तुकडा घेऊन आले. रबराची ती नळी दोन्ही दांड्यांवर घट्ट बसली. वरून पितळी पट्ट्या आवळल्या. बटण फिरवलं आणि मागे सिलेक्टर कट्‌कन बोलला. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा फिरवतच बसले.

कॅसेट लावली. आवाज आला, पण तुटत, फुटत, मधेच गायब. सिलेक्टरच्या आतले पत्रे काळे पडले होते. त्याला एक स्प्रे मिळतो, तो आणायला मी दुसऱ्या दिवशी एसटीनं अलिबागला गेले. दुकानात संपलेला. "परवा या," दुकानदार म्हणाला. हात हलवत परत आले तर घरी चमत्कार. बटण लोण्यासारखं फिरत होतं, आणि आवाज स्वच्छ! आपोआप बरं झालेलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. सासूबाई दारात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर फारच साधा भाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठप्प. बटण जड, आवाज शून्य. मी वायरी तपासल्या, सोल्डरिंगचे डाग दिले, डेक उघडला, ह्यांच्यावर ओरडले. दुपारी जेवण झाल्यावर सहज फिरवलं तर गाणं सुरू. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी रुसवा, दुपारी गोडवा. "बाई माणसाचं यंत्र आहे," हे म्हणाले आणि माझं तोंड पाहून वाडीत पाणी लावायला निघून गेले.

मला काही उमगेना. मग एका सकाळी मी अ‍ॅम्प्लिफायर अंगणात घेऊन बसले होते. थंडी बऱ्यापैकी होती. सासूबाई न्हायला निघालेल्या, हातात खोबरेलाची बाटली, तेल गोठून पांढरं झालेलं. ती त्यांनी माझ्या शेजारी उन्हात ठेवली आणि म्हणाल्या, "जरा बसू दे इथं. सकालचं गोटतं, दुपारला कसं पान्यासारं व्हतं."

मी बाटलीकडे पाहिलं. मग अ‍ॅम्प्लिफायरकडे. मग सासूबाईंकडे.

"आई, तुम्ही यात तेल घातलंत?"

"जरासंच. तू अलिबागला गेल्तीस तवा." एवढं बोलून त्यांनी मान ताठ केली. "कुरकुरत व्हतं बिचारं."

आमच्या इथे खोबरेल हे सगळ्याचं औषध. कुलूप अडलं, खोबरेल. कडी कुरकुरली, शिवणयंत्र अडकलं, पोराचं पोट दुखलं, खोबरेल. घरची नारळाची वाडी, घाण्यावरचं तेल, घालायला हात कशाला आखडायचा? पण विजेच्या पत्र्यांवर गोठलेलं तेल बसलं की वीज जाणार कशी? उन्हानं ते पातळ झालं की पत्रे एकमेकांना भेटत होते आणि काकी गात होती. मला आधी राग आला. मग दोन दिवस मी ज्या गंभीर चेहऱ्यानं वायरी तपासत होते तो आठवला आणि हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई आधी घुश्शात होत्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"मंग आता त्येला शिकेकाई लावून न्हाऊ घालतंस काय?" म्हणाल्या.

जवळजवळ तेच केलं. स्प्रे आला. सिलेक्टर सोडवून बाहेर काढला, धुतला, कान साफ करायच्या काड्यांनी एकेक पत्रा पुसला. पत्रे चांदीसारखे उजळले. कशाचाही इतका मळ निघताना पाहून जिवाला जे समाधान मिळतं, ते मला दागिन्यानं मिळत नाही. दुपारी परत जोडलं, कॅसेटवर फिरवलं.

फक्त डावा स्पीकर बोलला. उजव्या बाजूचा एक पत्रा माझ्याच काडीनं वाकला होता, त्याला सरळ करायचं पाच मिनिटांचं काम. मी पेचकस उचलला आणि तो तसाच हातात राहिला. कारण चाचांनी दोघींसमोर वेगळे माईक ठेवले होते. डाव्या स्पीकरमधून एकट्या काकीचा आवाज येत होता, मोठा, खणखणीत, ती पडवीत बसली असावी इतका जवळ. सासूबाईंचा आवाज उजव्या बाजूला अडकला होता. काकीनं ओळ टाकली. पुढे जागा रिकामी.

आणि स्वयंपाकघरातून ओळ उचलली गेली.

सासूबाई चिंबोऱ्या साफ करत होत्या. त्यांना कळलंही नसेल. जन्मभराची सवय, काकीनं टाकली की आपण उचलायची. पुढची ओळ आली, त्यांनी तीही उचलली. मग तशाच ओल्या हातांनी बाहेर आल्या, स्पीकरसमोर खाली बसल्या आणि गायला लागल्या. डोळे मिटलेले. कॅसेटची बाजू संपेपर्यंत मी हलले नाही. मला इतकं बरं वाटत होतं की रडावं की नाचावं ते समजेना.

हे वाडीतून आले, दारात थबकले, आणि बाजू संपल्यावर हळूच म्हणाले, "दुसरा स्पीकर बंद आहे वाटतं. करतेस ना?"

"नाही," मी म्हणाले आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

मग लग्नापर्यंत आमच्या घरात रोज दुपारी तालीम. सासूबाई बसायच्या, मी बटण फिरवायची, कॅसेट मागे न्यायची, पुढे न्यायची. मधेच थांबवून त्या काकीला दटावायच्या, "हलू टाक गो, धावतंस कना?" भांडी घासताना माझ्या तोंडी त्या ओळी कधी बसल्या ते मला कळलं नाही. मोठ्यानं मात्र कधी म्हटल्या नाहीत. माझं बोलणं म्हसळ्याकडचं. धवला म्हणजे यांच्या घरचा, यांच्या बोलीतला, मी मध्ये तोंड घालायचं मला सुचलंही नव्हतं.

हळदीच्या दिवशी मांडवात अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर मांडला. लेक पाटावर बसली, बायका गोळा झाल्या, डीजेवाली मंडळी बाहेर चहा पीत थांबली. मी बटण कॅसेटवर फिरवलं. काकीनं ओळ टाकली, सासूबाईंनी उचलली.  मग ज्यांनी काकीला ऐकलं होतं त्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या आणि लेक आजीकडे पाहून हसत होती. देवांना आवतण गेलं. गावदेवीला गेलं. मला वाटलं, झालं, माझं काम फत्ते.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. टेबलाशी आल्या, सिलेक्टरवर हात ठेवला आणि कॅसेटवरून फिरवून जिथे काहीच जोडलेलं नव्हतं तिथे नेला. काकी थांबली. मला वाटलं बिघडलं, मी धावत गेले. त्यांनी माझा दंड धरला आणि मला आपल्या शेजारी बसवलं.

"तिला लई वाजवली. आता तिला बसू दे," म्हणाल्या. मग घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः ओळ टाकली. विहिरीच्या आवतणाची ओळ. थांबल्या. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

"उचल गो," सासूबाई म्हणाल्या.

माझा आवाज आधी कापला, मग लागला. मी उचलली.