राजपुत्राचं रडणं

आईचं तेरावं आटोपून मी कळमनुरीजवळच्या आमच्या शाळेत परतलो. चौथीच्या वर्गात परीकथेचं नाटक बसवत होतो. राणी मरते तेव्हा राजपुत्राने रडायचं होतं, पण एकही मुलगा तयार होईना.

"राजपुत्र रडत असतोय व्हय, सर? ते पोरीचं काम," राजपुत्र झालेला मुलगा म्हणाला.

सगळे हसले. रडण्यात कमीपणा नसतो, असं मी समजावू लागलो, तेव्हा पुढे बसलेल्या मुलीने विचारलं, "सर, तुमची माय गेली तवा तुमी रडले का?"

स्मशानात काकांनी माझा खांदा दाबला होता आणि मी हुंदका गिळला होता. तेवढंच सांगायला हवं होतं. मी मात्र "चला, पुढचा प्रवेश" म्हणालो आणि राजपुत्राच्या हातात पुठ्ठ्याची तलवार दिली.