सत्तर पौंडांचा गुरुदत्त

आपल्या माणसाला आकडा दिसला की तो त्याचे मार्क करतो. घराचे स्क्वेअर फूट, पोराचा सॅटचा स्कोअर, गाडीची हॉर्सपॉवर, काही विचारू नका. इथं अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीत, मी एका गृहस्थाला स्वतःचं कोलेस्टेरॉल छाती काढून सांगताना ऐकलंय. दोनशे चाळीस! समोरच्याचं दोनशे दहाच निघालं, तर बिचाऱ्याचा चेहरा पडला.

अशा गावात गुरुदत्त चिमोटे राहतो. वय बावन्न, मूळचा कराडकडचा, विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो. माणूस वाईट नाही. बर्फ पडला की शेजारच्या म्हातारीचाही ड्राइव्हवे साफ करतो, आणि त्याचा फोटो टाकत नाही, हे आमच्या मराठी मंडळात मोठंच आहे. पण बारावीला त्याला एकोणसाठ टक्के पडले. फर्स्ट क्लास एका टक्क्यानं हुकला. वडलांनी त्या दिवशी पेढे आणले नाहीत, आणि त्या न आणलेल्या पेढ्यांवर हा माणूस अजून जगतोय.

त्याची मुलगी रुही. जन्म इथलाच, वूस्टरला फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे खांदे आणि गुडघे सरळ करते. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर धनुष्यबाणाची शिकार शिकली. बापाशी ती चार वर्षं धड बोलत नव्हती. भांडण वगैरे काही नाही. फोन केला की गुरुदत्त विचारायचा, पगार किती झाला? पेशंट किती बघतेस? घराचं डाउन पेमेंट किती जमलं? एके दिवशी ती ऋताला, म्हणजे आईला, म्हणाली, "बाबांशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा देणं." आणि तिनं फोन करणं सोडलं.

मग एका वसंतात तिचाच फोन आला. "बाबा, यंदा हरणाच्या सीझनला माझ्याबरोबर येणार?"

गुरुदत्त मला हे सांगायला घरी आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "लहू, तिनं मला बोलावलं. मला!" मी शिकारीच्या बाजूचा नाही, विरोधातलाही नाही. दुकानातली कोंबडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खाणाऱ्यांनी शिकाऱ्याला अहिंसा शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं. मी त्याला म्हटलं, "जा. आणि तोंड कमी चालव."

धनुष्य घ्यायला मीही बरोबर गेलो. हे रामायणातलं धनुष्य नव्हे. दोन टोकांना चाकं असतात. दोरी ओढताना मध्येच एक चढ लागतो, सगळं वजन तिथं अंगावर येतं, आणि तो चढ ओलांडला की एकदम उतार, मग धरून ठेवायला फार जोर लागत नाही. तो चढ किती पौंडांचा ठेवायचा ते दोन स्क्रू फिरवून ठरतं. गुरुदत्तचं धनुष्य चाळीसपासून सत्तरपर्यंत जात होतं. चाळीसच्या खाली हरण मारायला राज्याची परवानगी नाही.

रुहीनं दुकानातच बापाला खुर्चीवर बसवलं. दोन्ही पाय जमिनीवरून उचलायला लावले. "आता धनुष्य सरळ समोर धरा आणि ओढा. आकाशाकडे न्यायचं नाही. न्यावं लागलं तर वजन जास्त आहे." ती हे सगळं इंग्रजीत बोलते, मी माझ्या भाषेत लिहितोय. "मचाणावर दोन तास थंडीत बसाल, अंग आखडेल, आणि हरण समोर असताना हळू, आवाज न करता ओढायचंय. तेव्हा जे जमेल तेच तुमचं वजन."

साठला धनुष्य छताकडे गेलं. पंचावन्नला गुरुदत्तनं दातओठ खाल्ले. सेहेचाळीसला दोरी लोण्यातून सुरी यावी तशी आली.

"परफेक्ट," रुही म्हणाली.

"सेहेचाळीस?" गुरुदत्त म्हणाला. "म्हणजे जेमतेम सेकंड क्लास?"

"बाबा, इट्स नॉट अ ग्रेड."

"मग सत्तरपर्यंत बनवलं कशाला?"

तिनं स्क्रू घट्ट केला. पाना खिशात घातला.

उन्हाळाभर बापलेक शनिवारी रुहीच्या क्लबात सराव करायचे. आणि खरं सांगतो, गुरुदत्त तयार झाला. वीस यार्डांवर कागदी ताटली लावायची, आणि ह्याचे सगळे बाण ताटलीत. रुही त्याला घ्यायला येई, परतताना दोघं कुठंतरी कॉफी पीत. काय बोलता विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे, वाऱ्याबद्दल." वाऱ्याबद्दल! चार वर्षं पगाराबद्दल विचारणारा माणूस.

इथंच थांबला असता तर मी हे लिहिलं नसतं. पण मंडळ आहे ना. आणि मंडळात देवांग आहे.

देवांगचे पूर्वज पानिपतावर लढले असं तो दर कार्यक्रमात सांगतो. त्याची ताकद पाहिल्यावर तिथला निकाल मला तरी समजतो. मला तो बोलावतो, कारण फोटोत सर्व समाज दिसला पाहिजे. मी जातो, कारण ऋतावहिनींचा मसालेभात असतो. तर ह्या देवांगनं गणपतीत गुरुदत्तला विचारलं होतं, "धनुष्य किती पौंडांचं?"

"सत्तर," गुरुदत्त म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. धनुष्य सत्तरपर्यंत जातं, हे काही खोटं नव्हे, असं त्यानं मला नंतर समजावलं. वकील व्हायला पाहिजे होता. आठवड्यात मंडळभर झालं, गुरुदत्त सत्तर ओढतो. बायका ऋतावहिनींकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्याकडून लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही हो."

दसरा देवांगच्या बेसमेंटमध्ये. सण रविवारी, कारण अमेरिकेत तिथी सुट्टी बघून येते. दुसऱ्या दिवशी सोमवारची सुट्टी, आणि त्याच पहाटे रुही बापाला घेऊन जंगलात जाणार होती, पहिल्यांदाच. सफरचंदाच्या एका बागेच्या मालकिणीनं तिला परवानगी दिली होती.

शस्त्रपूजेला पाटावर काय काय होतं! चार लॅपटॉप, देवांगच्या टेस्लाचं चावीचं कार्ड, त्याची ऑनलाइन मागवलेली तलवार, जिच्या मुठीवर 'डेकोरेटिव्ह' असं स्टिकर अजून होतं. मध्ये गुरुदत्तचं धनुष्य, झेंडूची माळ घालून. आरती झाली, आणि देवांग म्हणाला, "काय चिमोटे, ओढून दाखवा. मग मीही ओढून बघतो. बघू तर सत्तर म्हणजे काय!"

गुरुदत्तचा रंग उडाला. स्वतः ओढलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? पण देवांगनं ओढलं आणि दोरी लोण्यासारखी आली तर?

"अहो, राहू द्या," ऋतावहिनी म्हणाल्या. "सकाळी लवकर उठायचंय."

"आलोच. बाण गाडीत राहिलेत," गुरुदत्त म्हणाला, आणि धनुष्य घेऊन बाहेर. बाण कशाला हवेत बेसमेंटमध्ये? मी मागोमाग गेलो. गडी डिकीच्या उजेडात पाना फिरवत होता.

"काय चाललंय?"

"सत्तर करतोय."

"डोकं ठिकाणावर आहे का? सकाळी पोरीबरोबर जायचंय ना?"

"घरी गेलो की परत खाली करतो. दोन मिनिटांचं काम."

"आत जा आणि सांग, सेहेचाळीस ओढतो म्हणून. काय करेल देवांग? तलवार उपसेल?"

"लहू, तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! आकड्यावरून माणूस तोलणाऱ्यांशी भांडण्यात माझं आयुष्य चाललंय, आणि हा मला सांगतोय. मी शिवी दिली. त्यानं पाना फिरवला.

आत येऊन त्यानं ओढलं. धनुष्य आधी छताकडे गेलं, धुराच्या अलार्मवर नेम धरल्यासारखं. पोट पुढं, मान आत, चेहरा बीटासारखा. पण आली दोरी! टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल वर. पण ओढलेली दोरी बाण नसताना सोडून देता येत नाही, धनुष्य फुटतं. तसंच हळूहळू परत न्यावं लागतं. माणूस ताणतो तेव्हा सगळे बघतात, सैल सोडतो तेव्हा कुणी बघत नाही. सत्तर पौंडांनी त्याला हिसका दिला आणि उजव्या खांद्यात काहीतरी कटकन झालं. तो हसत राहिला. मग देवांगनं ओढलं. दोरी वीतभर आली आणि थांबली. "दोरी कोरडी पडलीय, तेल द्या हिला," देवांग म्हणाला, आणि श्रीखंडाकडे वळला.

घरी जाऊन गुरुदत्त खांद्याला बाम लावून पाच मिनिटं पडला, तो थेट पहाटे रुहीच्या हॉर्ननं उठला. धनुष्य तिनंच उचलून गाडीत ठेवलं. आता तिच्यासमोर पाना कसा काढणार? काढला असता तर कारण सांगावं लागलं असतं. पुढचं मला त्यानं स्वतः सांगितलं.

मचाणावर दोघं शेजारी, कमरेला पट्टे बांधून बसले. उजाडलं. गळलेल्या सफरचंदांचा वास येत होता. रुहीनं हातमोजा काढून बापाच्या हातात गरम पाण्याची छोटी पिशवी दिली. मग बागेच्या कडेनं एक तरुण नर आला, शिंगं नुकती फुटलेली. वीस यार्डांवर आडवा उभा राहिला आणि सफरचंद खायला लागला. रुहीनं डोळ्यांनी खूण केली. तुम्ही.

गुरुदत्तनं दोरी ओढली. अर्ध्यात चढ लागला आणि खांदा पेटला. धनुष्य वर उचललं असतं तर कदाचित आली असती, काल आली होती तशी. पण मग नेम कुठला? पोटात बाण घेऊन जनावर दोन दिवस झाडीत तडफडत पडतं, हे रुहीनं त्याला उन्हाळ्यात सांगितलं होतं. आणि ती शेजारी बसून बघत होती. अजून एकदा, म्हणून त्यानं जोर लावला. बाण टेकणावरून घसरला आणि धातूवर टक वाजला. नरानं मान वर केली. शेपटी पांढरी चमकली, आणि बाग रिकामी.

"काय झालं?" रुहीनं कुजबुजत विचारलं.

थंडी, वय, हातमोजा, सगळी कारणं त्याच्या जिभेवर होती. तो म्हणाला, "सत्तरवर आहे. काल वाढवलं."

"का?"

"देवांगला दाखवायला."

तिनं त्याच्या हातातून धनुष्य काढून घेतलं. मग इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही वेडावाकडा बाण सोडला नाहीत, ते बरं केलंत. पण तुम्ही मला ते धनुष्य तसंच उचलू दिलंत आणि गप्प बसलात." थोड्या वेळानं, "कोट काढा."

मचाणावरच तिनं खांदा दाबून पाहिला. गुरुदत्त बोंबलला, त्यामुळे उरलीसुरली हरणंही गेली. "सीझन संपेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही."

"म्हणजे मी येऊ नको?"

रुहीनं कोट परत त्याच्या अंगावर घातला.

"या. शेजारी बसा. पण आकडा विचारायचा नाही. कुठलाच."

ऑक्टोबर गेला, अर्धा नोव्हेंबर गेला. दर शनिवारी गुरुदत्त हात गळ्यात अडकवून, रिकाम्या हातानं मचाणावर जाऊन बसायचा. मंडळात कुणी विचारलं की स्वतःच सांगायचा, सेहेचाळीस होतं, सत्तर केलं, खांदा घालवला. पंधरा दिवसांत देवांग सगळ्यांना सांगत फिरायला लागला की खरा धनुर्धर कमीच पौंड ओढतो, त्याचे पूर्वज तर चाळीसवर भागवायचे.

थँक्सगिव्हिंगच्या आधी रुहीला हरण मिळालं. दोघांनी मिळून, गुरुदत्तनं एका हातानं, ते ओढत रस्त्यापर्यंत आणलं. संध्याकाळी आम्ही त्यांच्या किचनमध्ये बसलो होतो. ऋतावहिनी खिम्यासाठी कांदा चिरत होत्या, रुही ओट्यावर बसून आईकडे बघत होती. देवांगचा फोन आला, गुरुदत्तनं स्पीकरवर टाकला.

"अभिनंदन चिमोटे! हरण किती पौंडांचं निघालं?"

"विचारलं नाही," गुरुदत्त म्हणाला. "मी मागचे पाय धरले होते."